पॉयझन आयव्हीचं तेल: भांड्यांचा साबण, टेकन्यू की झॅनफेल? आणि कपड्यांचं काय?

आईला न्यू जर्सीत येऊन आठवडाही झाला नव्हता. मागच्या अंगणात कुंपणावर चढलेली तीन-तीन पानांची वेल तिला बघवेना. "माणसं राहतात का भुतं या घरात?" असं म्हणत तिनं ती पंधरा मिनिटांत उपटून ढीग घातला, हात ओढणीला पुसले आणि आत येऊन चहा टाकला. तिसऱ्या दिवशी मनगटावर, वेल घासली होती बरोबर त्या रेषेत, बारीक पाण्याचे फोड. तिनं चष्मा लावून हात उजेडात धरला आणि निदान करून टाकलं: "अगं, हा तर बिब्बा उतलाय."

मी हसले, पण ती फारशी चुकलेली नव्हती. बिब्बा, काजू, आंबा आणि पॉयझन आयव्ही, म्हणजे तिनं उपटलेली ती वेल, ही सगळी एकाच कुळातली झाडं. कैरीच्या चिकानं तोंड उततं, काजूच्या टरफलाच्या तेलानं हात सोलतात म्हणून कारखान्यातल्या बायका हाताला तेल नाहीतर राख चोळून बसतात, तीच ही जात. आयव्हीच्या चिकातल्या तेलाला उरुशिऑल म्हणतात. जपानी लाखेचं नाव उरुशी, त्यावरून. हे तेल भाजत नाही, त्याची ॲलर्जी होते. आधी कधीच संबंध आला नसेल तर पहिल्या खेपेला पुरळ यायला एक ते तीन आठवडे लागू शकतात. शरीराला ओळख झालेली असेल तर साधारण १२ ते ४८ तास. आईनं आयव्ही जन्मात पाहिली नव्हती, तरी तिसऱ्या दिवशी फोड आले. लहानपणी पायात काटा मोडला की आजी तिला बिब्ब्याचा चटका द्यायची, हे ऐकल्यावर डॉक्टर म्हणाले, ओळख बहुधा तिथेच झाली असणार.

आता मूळ प्रश्न. हात लागला, कपड्याला लागलं, तर काय वापरायचं? दुकानात गेलात तर पाच डॉलरपासून चाळीस डॉलरपर्यंतच्या बाटल्या आणि ट्यूबा मांडलेल्या दिसतात. त्या उन्हाळ्यात मी जवळजवळ सगळ्या आणल्या.

कातडीवर

आधी घड्याळाचं सांगते, कारण बाटलीपेक्षा ते मोठं आहे. वैद्यकीय लिखाणात फिरणारे ढोबळ आकडे असे: १० मिनिटांत धुतलं तर निम्मं तेल निघतं, १५ मिनिटांत पाव, अर्ध्या तासानं दहा टक्के, आणि तासाभरानंतर जे कातडीत मुरायचं ते मुरलेलं असतं. म्हणजे चाळीस डॉलरची ट्यूब आणायला गाडी काढून दुकानात गेलात तर परत येईपर्यंत खेळ संपलेला. तास उलटला म्हणून धुवायचं मात्र सोडू नका. वर राहिलेलं तेल मानेला, डोळ्याला, मुलांच्या अंगाला लागतं, ते तरी थांबतं.

सिंकजवळच्या भांड्यांच्या साबणाला माझ्या मते पहिला मान. त्याचं कामच ओशट काढायचं आहे. पण तो हाताला लावून नळाखाली धरला की झालं, असं नाही. गाडीचं काळं ग्रीस हाताला लागलं तर तुम्ही काय कराल? साबण लावून फडक्यानं खसाखसा पुसाल, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेला, दोनतीनदा. उरुशिऑल तसंच ग्रीस आहे, फक्त दिसत नाही, त्यामुळे आपण कंटाळतो आणि अर्ध्यात सोडतो. फडकं घ्या, साबण घ्या, पुसा, धुवा, परत तेच, असं तीन वेळा. पाणी गार नाहीतर कोमट. कातडी सोलेपर्यंत घासायची नाही. आणि थेट शॉवरखाली उभं राहायचं नाही, टबात तर मुळीच बसायचं नाही. आधी लागलेली जागा साफ, मग आंघोळ.

टेकन्यू, म्हणजे हे तेल काढायला बाटलीत मिळणारं तयार द्रावण, ही वेगळी गोष्ट आहे. १९६० च्या दशकात अणुहल्ल्याच्या भीतीच्या काळात किरणोत्सारी धूळ अंगावरून काढण्यासाठी ते बनवलं होतं, आयव्हीवर चालतं हे नंतर लक्षात आलं. कोरड्या कातडीवर ओतायचं, दोन मिनिटं चोळायचं आणि धुवायचं किंवा पुसून काढायचं. यातलं "कोरड्या" आणि "पुसून" हे दोनच शब्द त्याची किंमत वसूल करतात. डोंगरात ट्रेलवर आहात, गाडी दोन मैल लांब आहे, नळ नाही. अशा वेळी साबणाची बाटली काय कामाची? घरात सिंक दहा पावलांवर असेल तर मात्र टेकन्यूसाठी जादा पैसे कशासाठी मोजायचे, ते मला कळलेलं नाही.

आणि हे नुसतं माझं मत नाही. २००० साली एका त्वचाविज्ञानाच्या नियतकालिकात एक छोटी चाचणी छापून आली होती. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हाताला उरुशिऑल लावलं आणि तीन गोष्टींनी धुतलं: टेकन्यू, गॅरेजवाले हाताचं ग्रीस काढायला वापरतात ते गूप, आणि डायलचा भांड्यांचा साबण. बचाव झाला अनुक्रमे ७०, ६१.८ आणि ५६.४ टक्के. टेकन्यू पुढे दिसतं खरं, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. किंमत मात्र टिकली: तेव्हा टेकन्यू औंसाला सव्वा डॉलर होतं, बाकीची दोन्ही सात सेंट. चाचणीत माणसं थोडी होती, त्यामुळे त्यावर घर बांधू नका. पण १.२५ आणि ०.०७ मधला फरक समजायला संख्याशास्त्र लागत नाही.

झॅनफेल हेही आयव्हीसाठीच विकलं जाणारं, चोळून धुवायचं औषध, औंसभराच्या ट्यूबमध्ये येतं आणि चाळीस डॉलरच्या आसपास पडतं. ओल्या हातावर घेऊन रवाळ लगदा करायचा आणि खाज थांबेपर्यंत चोळायचं. पुरळ आल्यावरही चालतं, असं विकणारे सांगतात. आईच्या मनगटावर लावलं तेव्हा तिला तासदोन तास बरं वाटलं. मग तिनं स्वतःच ओल्या फडक्यात बर्फ बांधून ठेवला, तेव्हाही तेवढंच बरं वाटलं. बर्फ फुकट होता.

रबिंग अल्कोहोल, म्हणजे औषधाच्या दुकानातलं स्पिरिट, तेल विरघळवतं, आणि पटकन विरघळवतं. पण विरघळलेलं तेल कुठे जाणार? कापसाच्या एका बोळ्यानं हातभर पुसत बसलात तर तेल फक्त पसरतं. भरपूर अल्कोहोल, दर वेळी नवा बोळा, आणि लगेच भरपूर पाणी, असं जमणार असेल तरच. तेही बागेतलं काम संपल्यावर. धुऊन परत वेलीकडे गेलात तर कातडीवरचं नैसर्गिक तेल गेलेलं असतं आणि आयव्हीचं काम सोपं होतं. मी अल्कोहोल कातडीसाठी वापरत नाही, कात्री, फावडं, फोन आणि गाडीच्या स्टिअरिंगसाठी वापरते. तिथे त्याला तोड नाही. ब्लीच कातडीवर कुणीही सांगितलं तरी नको.

एक आपल्याकडची सवय इथे नडते. अंगाला काही झालं की आईचा हात खोबरेलच्या बाटलीकडे जातो. बिब्बा उतल्यावर घरोघरी खोबरं-तीळ वाटून लावतात, ते उतल्यानंतरचं आहे. न धुतलेल्या कातडीवर खोबरेल चोळलं तर त्यात हे तेल मिसळून कोपरापर्यंत जातं, म्हणजे आपणच आपल्या उपायात बिब्बा घातल्यासारखं.

कपड्यांवर

खरी गंमत इथे झाली. मनगट आठवड्यात सुकायला लागलं आणि एका मंगळवारी आईच्या मानेवर, दोन्ही बाजूंना, पट्ट्यासारखी लाल पुरळ. फोडातली लस लागून पसरली, असं शेजारणीनं सांगितलं. ते खरं नसतं. फोडातल्या पाण्यात उरुशिऑल नसतं, आणि एकाचं पुरळ दुसऱ्याला लागत नाही. मग मानेवर आलं कुठून? रविवारी कुणाकडे जेवायला जाताना तिनं दारामागच्या खुंटीवरची ओढणी गळ्यात घेतली होती. तीच, जिला हात पुसले होते.

कापडावर, हत्यारांवर, बुटांवर बसलेलं हे तेल महिनोन् महिने, कधी वर्षांनीही त्रास देऊ शकतं. ते वाळून मरत नाही. आपल्याला हे माहीत असायला हवं होतं, कारण परीट बिब्ब्याच्या रसानं कपड्यांवर खुणा करायचे ते याच गुणावर: हवा लागली की काळा पडतो आणि धुऊन जात नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना कॉलरवरच्या अशा खुणेखाली नेमकी त्या जागी पुरळ उठायची, आणि तिथल्या लष्करी डॉक्टरांनी त्याची नोंद करून ठेवली आहे. फरक एवढाच की बिब्ब्याची खूण दिसते. आयव्हीचं तेलही हवेत काळं पडतं, पांढऱ्या कागदात पान चुरडून ठेवलं तर थोड्या वेळात डाग दिसतो, पण ओढणीला पुसलेला पातळसा थर कुणाला दिसणार?

बादलीत भिजवून हातानं चोळणं हा सगळ्यात वाईट पर्याय, आणि आपल्या माणसांना सगळ्यात आवडणारा. "मशीनमध्ये डाग निघत नाहीत" म्हणत आई बाह्या सरसावूनच बसली होती. कपडा स्वच्छ होईल, हात जातील. शिवाय ती बादली, तो ब्रश, तो दगड, सगळंच नंतर धुवायला लागेल.

त्याच्या उलट वॉशिंग मशीन. कापडाला सोसेल तेवढं गरम पाणी, साबण हात राखून नाही, सगळ्यात लांब सायकल, आणि ड्रम अर्धाच भरलेला. बाकीच्या कपड्यांपासून वेगळं. वीज वाचवायला आपण एरवी थंड पाण्यात धुतो, इथे तो कंजूषपणा नको. मशीनमध्ये टाकायलाही उघड्या हातानं उचलायचं नाही. त्यानंतर मशीन एकदा रिकामं गरम पाण्यावर फिरवा. कपडा जास्त माखला असेल तर आधी त्या जागेवर टेकन्यू किंवा तोच भांड्यांचा साबण चोळून ठेवायचा, हातमोजे घालून. इमारतीतलं सार्वजनिक मशीन असेल तर रिकामी सायकल तुमच्यासाठी नाही, पुढच्या माणसासाठी आहे. तेवढी पाव डॉलरची चार नाणी घाला.

रेशीम, लोकर, जरीचं काही असेल तर ड्रायक्लीनिंग. पण काउंटरवर स्पष्ट सांगा की यावर पॉयझन आयव्ही आहे. न सांगता पिशवी पुढे सरकवणं म्हणजे तिथल्या पोरीच्या हातावर आपला त्रास ठेवणं.

टाकून द्यायचं काय? माझ्या मते कपडे क्वचितच. चामड्याचे हातमोजे मात्र हो. चामडं तेल पितं आणि परत देत राहतं. कापडी बागेचे मोजेही मी टाकले, कारण ते आतून धुतले गेले की बाहेरून, हे कधीच कळत नाही. आता नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, पातळ हातमोजे घालते आणि काम झालं की फेकते. लेटेक्सचे, म्हणजे नैसर्गिक रबराचे, नकोत, त्यातून हे तेल आरपार जातं. बुटांच्या नाड्यांचा विचार कुणी करत नाही आणि रोज सकाळी त्यांनाच हात लावतो. नाड्या बदला, बूट अल्कोहोलनं पुसा. घरात कुत्रं असेल तर त्यालाही आंघोळ घाला, मोजे घालून. त्याला सहसा काही होत नाही, त्याच्या केसांवरून तेल तुमच्या मांडीवर येतं.

पुरळ आल्यानंतर

इथे निवडायला फारसं काही नाही. गार पाण्याच्या पट्ट्या, कॅलामाइन, ओटमीलच्या पाण्याची आंघोळ, आणि दोनतीन आठवडे धीर. औषधाच्या दुकानातलं १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनचं (सौम्य स्टिरॉइडचं) मलम सौम्य पुरळीपुरतं. चेहऱ्यावर, डोळ्यांजवळ, नाजूक जागी आलं, अंगावर फार पसरलं, ताप आला किंवा पू धरला तर डॉक्टर. ते स्टिरॉइडच्या गोळ्या देतील तर किती दिवसांच्या, ते विचारा. पाचसहा दिवसांचं पाकीट संपल्यावर पुरळ दुप्पट जोरानं परतल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत. अशा वेळी गोळ्या हळूहळू कमी करत दोनतीन आठवडे देतात.

आणि उपटलेल्या वेलीचा ढीग. आई म्हणाली, वाळला की पेटवून टाकू. नाही. धुरातून हे तेल घशात आणि फुप्फुसात जातं, आणि ते मनगटावरच्या फोडांसारखं घरी बसून बरं होणारं दुखणं नाही. मोजे घालून काळ्या पिशवीत भरला आणि कचऱ्यात दिला. हिवाळ्यात पानं गळालेली केसाळ खोडंसुद्धा तशीच.

आमच्या घरी शेवटी काय उरलं, तर मागच्या दाराशी स्वस्तातला भांड्यांचा साबण, नायट्राइलच्या मोज्यांचं खोकं, आणि गाडीच्या डिकीत ट्रेलसाठी टेकन्यूची एक बाटली. झॅनफेलची ट्यूब निम्मी भरलेली तशीच पडून आहे. ओढणी दोनदा गरम पाण्यात धुतली. लाल रंगाचा कसाबसा गुलाबी राहिला. आईनं जायच्या आदल्या दिवशी तिचे चौकोनी तुकडे केले, कडा दुमडून टाके घातले आणि साबणाशेजारी रचून ठेवले. पुसायला.