डायलिसिससाठी फिस्टुला की ग्राफ्ट?

डायलिसिसमध्ये रक्त यंत्रात नेऊन परत आणायला सुया टोचायची जागा लागते. हाताची शीर चांगली असेल तर त्यासाठी फिस्टुलाच करावा, असं माझं सरळ मत. यात स्वतःचीच धमनी आणि शीर जोडतात. १९६६ पासून ही पद्धत माहीत आहे. बाहेरचं काही आत नसल्याने जंतुसंसर्ग कमी, आणि एकदा लागू पडला की वर्षानुवर्षं चालतो. रखडतो तो सुरुवातीलाच. शीर जाड व्हायला साधारण ६ ते १२ आठवडे जातात, काहींची तर होतच नाही. तोवर बहुतेकदा मानेतला कॅथेटर (शिरेत घातलेली तात्पुरती नळी) सांभाळत बसायचं.

शिरा बारीक किंवा सलाईनच्या सुयांनी खराब झालेल्या असतील, तर पीटीएफई या प्लास्टिकची साधारण ६ मिमी व्यासाची नळी धमनी आणि शीर यांच्यामध्ये कातडीखाली बसवतात. हा ग्राफ्ट. २-३ आठवड्यांत सुया टोचता येतात (त्याहून लवकर टोचता येणारे प्रकारही आहेत). पण नळी शिरेला जिथे जोडलेली असते तिथे आतलं अस्तर जाड होत जातं, वाट अरुंद होते आणि एक दिवस गुठळी अडकते. मग अँजिओप्लास्टी (आत फुगा फुगवून वाट रुंद करणं), तीही पुन्हा पुन्हा. पू झाला तर बऱ्याचदा नळीच काढावी लागते.

दोन्हींत रोज बोटं ठेवून रक्त वाहताना जाणवणारी थरथर तपासायची. थांबली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.