नवरा गेल्यानंतर: समुपदेशनाच्या आठ महिन्यांचा अनुभव

नवरा जाऊन अकरा महिने झाले, समुपदेशन सुरू करून आठ. तिसऱ्या महिन्यात मी रात्र रात्र मोबाईलवर असेच कुणाचे तरी अनुभव शोधत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या रात्री अकराला तो म्हणाला, छातीत जळजळतंय. संध्याकाळी मिसळ झाली होती. मी ॲसिडिटीची गोळी दिली आणि झोपले. पहाटे चारला तो घामाने निथळत होता. हॉस्पिटलच्या दारातच सगळं संपलं. दहाव्याला ओंकारेश्वरावर पिंडाला कावळा शिवेना. दीड तास उभे होतो. दिरांनी मुलीच्या शिक्षणाचा शब्द दिला, सासूबाईंनी त्याच्या आवडीची भजी ठेवायला लावली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. परतताना कुणीतरी हळूच म्हणालं, "काहीतरी मनात राहिलं बिचाऱ्याच्या." काय राहिलं ते मला ठाऊक होतं, असं मला वाटत होतं.

तेराव्यानंतर माणसं पांगली. मी कामावर जायचे, मुलीचा डबा करायचे आणि रोज रात्री अकरा वाजले की छातीत धडधडायला लागायचं.

पहिल्या समुपदेशकांकडे दोनच सेशन केली. त्यांनी कागदावर पाच टप्पे लिहून दिले: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. मला तर राग येतच नव्हता. म्हणजे दुःखही मला नीट करता येत नाही, असं वाटून मी आणखी खचले. दुसऱ्या मॅडमनी पुढे सांगितलं की एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये हे टप्पे मांडले ते मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले, आणि ते सगळ्यांना ठरलेल्या क्रमाने येतात असंही नाही. तुम्हाला कुणी अशी पायऱ्यांची शिडी हातात देऊन चढायला सांगितलं तर सरळ माणूस बदला. पहिल्याकडे जमलं नाही म्हणून समुपदेशनच सोडू नका, मी ते जवळजवळ सोडलंच होतं.

या दुसऱ्या मॅडमनी पहिल्या दिवशी त्याचं नाव विचारलं. मग, तो कसा होता? तोवर सगळे 'तो कसा गेला' एवढंच विचारत होते. पन्नास मिनिटं मी त्याच्या शिट्टीबद्दल, स्कूटरबद्दल, भाजीवाल्याशी घालायच्या वादांबद्दल बोलत राहिले.

पाचव्या सेशनला ती रात्र काढली. वहीच्या पानावर मधोमध रेघ. एका बाजूला 'रात्री अकराला मला काय माहीत होतं', दुसऱ्या बाजूला 'आज काय माहीत आहे'. डावीकडे लिहिता लिहिता आठवलं, मी विचारलं होतं, डॉक्टरकडे जाऊ या का? आणि तो म्हणाला होता, "झोप गं, सकाळी बघू." हे वाक्य मी कित्येक महिने पुसूनच टाकलं होतं. त्या दिवशी खूप रडले. 'तुझी काही चूक नाही' असं मला पन्नास जणांनी सांगितलं होतं, ते आत पोचलंच नव्हतं. मॅडम तसं एकदाही म्हणाल्या नाहीत. टोचणी पूर्ण गेली नाही, पण सहाव्या महिन्यापासून अकराची धडधड थांबली.

आणखी एक गोष्ट उपयोगी पडली. भिशीत एकदा खळखळून हसले आणि घरी येऊन लाजेने जेवले नाही. तेव्हा मॅडमनी नेदरलँड्सच्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेला विचार समजावला: मन गेलेल्या माणसाकडे आणि रोजच्या जगण्याकडे झोक्यासारखं येत-जात राहतं, आणि दोन्हीकडे जाणं गरजेचं असतं. मग आम्ही रविवारचा अर्धा तास त्याच्या कपाटासाठी ठरवला. एरवी कपाट बंद.

सासूबाई मात्र आल्या नाहीत. "बाहेरच्याला काय सांगायचं?" त्यांचा मुलगा गेला आहे, हे माझ्या ध्यानात यायलाही वेळ लागला. चार वाजता त्या अजूनही दोन कप चहा करतात. मी त्यांना अडवायचे. आता सुट्टीच्या दिवशी तो दुसरा कप मी घेते. आम्ही फारसं बोलत नाही.

खर्चाचं सांगते: एका सेशनचे १,२०० रुपये, आतापर्यंत सतरा झाली. आधी दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, आता महिन्यातून एकदा. हे झेपणारं नसेल तर सरकारची टेलि-मानस ही फोनवरची समुपदेशन सेवा आहे, १४४१६, मोफत आणि चोवीस तास. मी एकदा रात्री दोनला लावला होता, मराठीत बोलता आलं. सहा महिने उलटूनही रोजचं जगणंच ठप्प असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, त्याची दीर्घकालीन शोकविकार म्हणून नोंद आहे. तेव्हा मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. जीव द्यावासा वाटत असेल तर मात्र कुठलेही महिने मोजू नका, त्याच क्षणी कुणाला तरी सांगा.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. मुलगी म्हणते, बाबाला आवडायची ती मिसळ कर. त्या रात्रीपासून घरात मिसळ झालेली नाही. मटकी भिजत घालायची की नाही, ते अजून ठरत नाहीये. पुढच्या सेशनला तेच बोलायचं आहे.