ऑरिनच्या पायातले पायताण : ‘बाल्डर्स गेट ३’मधील रूप पालटणारी खलनायिका

औसा तालुक्यातील आमच्या गावी ज्वारीची रास घरात येऊन पडली की काही दिवसांनी बहुरूपी येत असे. अंगात खाकी सदरा, कमरेला रुंद पट्टा, हातात वेताची छडी आणि काखेत मळकी वही अशा थाटात तो वाड्याच्या दारात उभा राहून मोठ्याने सांगे, “तुमच्या नावचं वॉरंट हाय. लेकीच्या लग्नाला साहेबाला बोलवलं न्हाई म्हून तक्रार आलीय.” आम्ही पोरे खरोखर घाबरून उतरंडीमागे लपत असू. आजी मात्र त्याच्या तोंडाकडे न पाहता आधी पायांकडे पाही आणि विचारी, “सरकारनं यंदा टायरचं पायताण वाटलंय व्हय, साहेब?” मग तोही हसे, आजीही हसे आणि सुपातली ज्वारी त्याच्या झोळीत पडे. सोंग कितीही हुबेहूब असले तरी त्यात कुठेतरी टायरचे पायताण असायचे आणि ते शोधण्यातच पाहणाऱ्याची गंमत असायची. ‘बाल्डर्स गेट ३’ हा संगणकावरील खेळ दोनदा पूर्ण केल्यावर त्यातील ऑरिन या खलनायिकेविषयी माझी जी तक्रार उरली आहे, ती नेमकी या पायताणाची आहे.

हा भूमिका वठवण्याचा खेळ बेल्जियममधील घेंट येथील लॅरियन स्टुडिओज या कंपनीने तयार केला आणि ३ ऑगस्ट २०२३ रोजी तो संगणकासाठी पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. त्याआधी जवळजवळ तीन वर्षे त्याचा पहिला अंक अपूर्णावस्थेत विक्रीला होता. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे नियम त्याने घेतले आहेत, त्यामुळे कुलूप उघडणे असो की पहारेकऱ्याला थाप मारणे असो, पडद्यावर वीस बाजूंचा फासा गडगडत येतो आणि आपले नशीब ठरवतो. २०२३च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाचा मान त्याला मिळाला, आणि तो मान योग्यच होता असे माझेही मत आहे. या परीक्षणात मी संपूर्ण खेळाचे गुणगान न करता तिसऱ्या अंकावर, त्यातही मुख्यतः ऑरिनवर लिहिणार आहे. कथेतील बरीच रहस्ये त्यात उघडी पडतील, म्हणून ज्यांना खेळ अजून खेळायचा आहे त्यांनी येथेच थांबावे.

बेन, भाल आणि मिरकुल या तीन दुष्ट देवतांनी आपापला एकेक लाडका भक्त निवडलेला आहे आणि ते तिघे मिळून बाल्डर्स गेट नावाच्या शहरावर राज्य आणण्याचा कट रचत आहेत. त्यांपैकी केथेरिक थॉर्म हा दुसऱ्या अंकात संपतो, एन्व्हर गॉर्टाश हा राजकारणी शहरात उघडपणे मिरवतो, आणि ऑरिन ही हत्येच्या देवाची, म्हणजे भालची, भक्तीण कोणाच्याही रूपात कोठेही असू शकते. पांढरी वेणी, निस्तेज डोळे आणि रक्तामांसाचा वाटावा असा लालभडक पेहराव हे तिचे मूळ रूप. खून ही तिच्या लेखी कला आहे. प्रेताची मांडणी करताना एखाद्या सुगरणीने पंगतीचे ताट वाढावे तशी ती तन्मय होते आणि बोलताना यमके, अनुप्रास जुळवत राहते. मॅगी रॉबर्टसन या अभिनेत्रीने तिला दिलेला आवाज गोड आहे, लाडिक आहे आणि मधूनच एखाद्या शब्दावर असा घसरतो की अंगावर काटा यावा. गॉर्टाशच्या लांबलचक भाषणांपेक्षा ऑरिनची दोन वाक्ये मला अधिक काळ लक्षात राहिली.

तिसरा अंक सुरू होताना ती ज्या रीतीने भेटते, ते या खेळातील उत्तम लेखन आहे. शहराच्या वेशीबाहेर निर्वासितांची गर्दी असते, नाक्यावर शिपाई असतात, कोणी भाकरीसाठी भांडत असते. त्या गर्दीतील एक साधे माणूस आपल्याला हटकते, दोन वाक्ये व्यवस्थित बोलते, तिसऱ्या वाक्यात त्याच्या तोंडी रक्ताची आणि आतड्यांची भाषा येते, आणि मग चेहरा ओल्या मातीसारखा सरकून त्यामागून ऑरिन बाहेर पडते. पहिल्या भेटीनंतर माझ्या खेळण्याची पद्धतच बदलली. एरवी मी रस्त्यावरच्या प्रत्येक भिकाऱ्याशी, बाजारातल्या प्रत्येक बाईशी थांबून बोलत असे. आता कोणी आपणहून हाक मारली की आधी खेळ जतन करून ठेवत असे. खेळाडूच्या हाताला अशी सवय लावणे हे लढाईत त्याला दहा वेळा मारण्यापेक्षा कठीण आहे, आणि लॅरियनच्या लेखकांनी ते चार-दोन संवादांत साधले आहे.

त्यानंतर ती आपण आणि आपले सोबती राहतो त्या छावणीत शिरते. गेल्या मे महिन्यात, बाहेर कूलरमधले पाणीही गरम होत होते अशा एका रात्री, मी आणि माझा भाचा शेजारी बसून खेळत होतो. दिवसभराच्या लढाया आटोपून रात्रीचा मुक्काम केला, आणि लेझेल ही आमची फटकळ योद्धी एकाएकी फार गोड बोलू लागली. आवाज तिचाच, चेहरा तिचाच, पण शब्द कोणा दुसरीचे. भाचा म्हणाला, “मामा, ही लेझेल न्हाई.” तेवढ्यात चेहरा वितळला. खरी लेझेल भालच्या मंदिरात बांधलेली होती आणि ती सुटायची असेल तर गॉर्टाशला ठार करून त्याच्याजवळचा जादूचा खडा आणून द्या, असा निरोप ऑरिनने दिला. ज्या लेझेलच्या हातात मी शंभर तासांत गोळा केलेली उत्तमातली उत्तम तलवार दिली होती, तिच्या नावाने आपण नक्की कोणाशी बोलत होतो, हा विचार मला त्या रात्री अंथरुणावरही छळत राहिला. दुसऱ्या वेळच्या खेळात असाच गेल हा जादूगार नाहीसा झाला.

माझी हरकत येथून सुरू होते. भाच्याने “ही लेझेल न्हाई” हे ओळखले ते उलगडा होण्याच्या अर्धा मिनिट आधी, आणि त्या ओळखण्याचा खेळात काहीही उपयोग नव्हता. दुसऱ्या वेळी मी पुरता सावध होतो. छावणीतील प्रत्येकाशी रोज बोललो, कोणाचे उत्तर नेहमीपेक्षा वेगळे आहे का हे पाहिले, मन वाचण्याची विद्या घेतलेले पात्र मुद्दाम जवळ ठेवले. तरीही गेल कधी बदलला गेला ते मला कळले नाही, आणि जो प्रसंग यायचा तो आलाच. अपहरण होणार हे लेखकांनी आधीच ठरवून ठेवले आहे. आपण फक्त ते पाहायला बसायचे. शिवाय ते सर्वांचे होत नाही. लेझेल, गेल, हॅल्सिन, मिन्थारा हे सोबती आणि छावणीत आश्रयाला आलेली येना नावाची लहान मुलगी, एवढ्यांतूनच बळी निवडला जातो. हे एकदा कळले की ज्या भीतीवर सारा डोलारा उभा होता तिचा निम्मा जोर ओसरतो, कारण शॅडोहार्ट किंवा अस्टेरियन या इतर सोबत्यांकडे संशयाने पाहण्याचे कारणच उरत नाही.

याच मालिकेच्या १९९८ सालच्या पहिल्या खेळाने हे अधिक चांगले हाताळले होते. त्यातील खलनायक सारेवोक हा भालचाच पुत्र आणि नात्याने ऑरिनचा आजोबा. त्याने रूप पालटणाऱ्या मायावी प्राण्यांची फौज हाताशी धरून शहरातील एका व्यापारी पेढीची माणसे आतल्या आत बदलून टाकली होती. कँडलकीपच्या ग्रंथालयात तो स्वतः ‘कोवेरास’ असे नाव घेऊन आपल्यासमोर येतो आणि फार सभ्यपणे बोलतो. रोमन लिपीत हे नाव उलटे वाचले की ‘सारेवोक’ होते. (देवनागरीत उलटे वाचल्यास ‘सरावेको’ असे काहीतरी भलतेच हाती लागते, त्यामुळे मराठीत विचार करणाऱ्याला ते पटकन सापडत नाही, मला ते वहीच्या समासात इंग्रजी अक्षरे मांडल्यावर दिसले.) कोडे तसे पोरकटच आहे, पण ते टायरचे पायताण आहे. ज्याने खाली पाहिले त्याला ते दिसले.

तिसऱ्या खेळाच्या कर्त्यांना माग काढण्याचा आनंद देता येत नाही असे म्हणावे तर तसेही नाही. त्याच तिसऱ्या अंकात रिव्हिंग्टन या उपनगरातील मंदिरात एका धर्मगुरूचा खून होतो. तपासाचे काम व्हॅलेरिया नावाच्या, पंख असलेल्या इवल्याशा हत्तिणीकडे असते आणि ती इतकी आळशी आहे की हाती लागलेल्या पहिल्याच माणसाला आरोपी ठरवून मोकळी होते. आपण मात्र खोल्या धुंडाळतो, कागद वाचतो, रक्ताचा माग काढतो आणि खऱ्या मारेकऱ्यापर्यंत पोहोचतो. हा मारेकरी ऑरिनच्याच पंथाचा आहे. म्हणजे चेल्याला पकडण्यासाठी खेळ आपल्याला डोके चालवू देतो आणि गुरूच्या बाबतीत हात बांधून ठेवतो.

त्याहून मोठी गोष्ट अशी की या खेळातील सर्वांत चांगले सोंग ऑरिनचे नाहीच. खेळाच्या अगदी आरंभी आपल्या स्वप्नात येणाऱ्या रक्षकाचा चेहरा आपल्याला स्वतःच घडवायला सांगितले जाते. मी त्यासाठी अर्धा तास घालवून, पिकलेल्या केसांची, आमच्या शाळेतील मुख्याध्यापिकांसारखी दिसणारी एक बाई केली होती. ती मायेने बोलते, संकटात वाचवते, आणि पुढे कळते की त्या चेहऱ्यामागे मेंदू खाणारा, तोंडाला सोंडा असलेला प्राणी बसलेला आहे. तेथे फसवणुकीची सामग्री आपणच पुरवलेली असते. पहिल्या भेटीपासून ती आपल्या डोक्यात डोकावण्याचा आग्रह धरते, काही गोष्टी टाळते, जिवावर उदार होऊन एकाच मार्गाकडे ढकलते. मागे वळून पाहिले तर खुणा जागोजागी होत्या. ऑरिनला असे एकही दालन मिळालेले नाही.

अखेरची लढाई मात्र साफ निराश करते. भूमिगत मंदिरात ऑरिन माणसाचे रूप टाकून ‘स्लेयर’ नावाचा काटेरी, धिप्पाड पशू होते आणि तशीच राहते. भोवतीचे भक्त मंत्र म्हणत असतात आणि तिच्यावर असे संरक्षण असते की सुरुवातीच्या काही घावांची प्रत्येकी केवळ १ गुणाची इजा होते. म्हणून मोठी शस्त्रे बाजूला ठेवून एका वेळी अनेक लहान बाण सोडणारी पहिल्याच पायरीची जादू वापरायची, मंत्र म्हणणाऱ्यांना आधी गाठायचे, आणि मग उरलेले काम तलवारीने उरकायचे. हिशेब म्हणून हे ठीक आहे. पण जिची सारी दहशत ओळखीच्या चेहऱ्यात होती, तिने ऐन लढाईत ओळखीचा एकही चेहरा वापरू नये?

आमच्याकडे तुळजापूरच्या आईची मूर्ती महिषासुरमर्दिनीची आहे आणि नवरात्रात पायी जाणाऱ्यांना वाटेत ती कथा हमखास ऐकायला मिळते. त्या युद्धात असुर रेडा होतो, सिंह होतो, खड्गधारी पुरुष होतो, हत्ती होतो, पुन्हा रेडा होतो. प्रत्येक रूपाला देवीचे वेगळे उत्तर असते, आणि शेवटी रेड्याच्या तोंडातून तो अर्धा बाहेर पडत असताना, एक रूप सुटलेले आणि दुसरे पुरते न आलेले अशा क्षणी त्याचे शिर उडते. रूप पालटणाऱ्याशी लढाई कशी रचावी याचा हा आराखडा आहे. ऑरिन एका फेरीत लेझेल, दुसऱ्या फेरीत गेल, तिसऱ्या फेरीत आपलेच प्रतिबिंब झाली असती आणि बदलाच्या क्षणीच तिच्यावर घाव बसला असता, तर ही लढाई मी पुन्हा पुन्हा खेळलो असतो.

या दोषाची थोडी भरपाई ‘डार्क अर्ज’ हे पात्र निवडल्यास होते. हा नायक स्मृती हरवलेला आहे आणि खुनाची ऊर्मी त्याला आवरत नाही. पुढे उघड होते की भालचा पहिला लाडका तोच होता आणि ऑरिनने त्याला खाली खेचून त्याची जागा घेतली. तिच्याशी द्वंद्वही त्याला एकट्यालाच करावे लागते. येथे सोंगाचा प्रश्न उलटा होतो, कारण स्वतःचा खरा चेहरा माहीत नसलेला माणूस आपण चालवत असतो. तिच्या आईच्या मृत्यूमागे सारेवोकचा हात होता हे सत्य तिच्यापुढे ठेवता येते तेव्हा तिच्या गोड आवाजाला पहिल्यांदाच तडा जातो. पहिल्यांदा खेळणाऱ्यांनीही हेच पात्र घ्यावे असे मी म्हणेन, फक्त मन घट्ट करून.

व्यवहाराचे थोडक्यात सांगतो. मी स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून हा खेळ २,९९९ रुपयांना घेतला आणि एप्रिल २०२५च्या आठव्या सुधारणेनंतर त्यात पात्रांचे आणखी १२ उपवर्ग फुकट मिळाले, त्यामुळे पैसे वसूल झाले. १५० जीबी जागा लागते. आमच्या भागातील इंटरनेटवर आणि मधूनमधून जाणाऱ्या विजेवर तो उतरवायला मला तीन रात्री लागल्या. संगणकात एसएसडी, म्हणजे वेगवान साठवण, नसेल तर या वाटेला जाऊ नये. शहरातील एका दुकानदाराने “यावर काहीही चालतं” म्हणून मला जो लॅपटॉप दिला होता, तो पहिले दोन अंक मुकाट्याने चालला आणि तिसऱ्या अंकातील गर्दीच्या शहरात अडखळू लागला, कारण तेथे प्रोसेसरवरचा ताण एकदम वाढतो. १६ जीबी रॅम असेल तरच निर्धास्त राहावे. मराठी किंवा हिंदी मजकूर नाही, आणि ऑरिनच्या यमकांसाठी इंग्रजी बरे असावे लागते. रक्तपात आणि नग्नता भरपूर असल्याने लहान मुलांसमोर खेळू नये. माझा भाचा महाविद्यालयात आहे.

सध्या हाच खेळ तिसऱ्यांदा चालू आहे आणि आम्ही पुन्हा शहराच्या वेशीपाशी आलो आहोत. परवा रात्री मुक्काम केल्यावर भाच्याने कॅमेरा खाली घेतला आणि छावणीतील एकेकाच्या पायांवरून हळूहळू फिरवला. सगळ्यांचे बूट ज्याचे त्याच्याच पायात होते.