फ्रिंडल, टोलबूथ की अ‍ॅलिस? मुलांना भाषाशास्त्राची गोडी लावायला आधी कोणतं घ्यावं

भाषाशास्त्र म्हटलं की आपल्याला व्याकरणाचा पेपर आठवतो, पण भाषा चालते कशी याचं कुतूहल मुलांमध्ये गोष्टीतून फार छान जागं होतं. पोरगं इंग्रजी वाचत असेल आणि या तीन पुस्तकांत अडला असाल तर माझं मत सरळ आहे, आधी फ्रिंडल घ्या.

अँड्र्यू क्लेमंट्सचं १९९६ चं पुस्तक, जेमतेम शंभरेक पानं. पाचवीतला निक बाईंना विचारतो, कुत्र्याला कुत्रा म्हणायचं हे ठरवलं कुणी? बाई म्हणतात, तूच! मग हा पठ्ठ्या पेनला फ्रिंडल म्हणायला लागतो, अख्ख्या वर्गाला म्हणायला लावतो, बाई शंभर-शंभर वाक्यं लिहायची शिक्षा देतात तरी शब्द पसरतच जातो. सगळ्यांनी मानलं म्हणून शब्दाला अर्थ येतो, ही भाषाशास्त्राची पायाची गोष्ट एकही जड शब्द न वापरता मुलांना कळते. आणि रात्री झोपताना मराठीत सांगितली तरी गोष्टीचं काही बिघडत नाही, हे मला सगळ्यात आवडतं.

नॉर्टन जस्टरचं द फँटम टोलबूथ (१९६१) जास्त धमाल आहे पण ते इंग्रजी वाक्प्रचारांवर चालतं. गोष्टीतला मुलगा मायलो मेजवानीत 'लाइट मील' (हलकं जेवण) सुचवतो तर ताटांतून उजेड येतो, 'स्क्वेअर मील' (पोटभर जेवण) म्हटलं तर चौकोन. हे वाक्प्रचार मुलाच्या कानावरून गेलेले नसतील तर प्रत्येक पानाला समजावत बसावं लागेल आणि मजा जाईल, शिवाय पुढे बराच भाग आकड्यांच्या राज्यात जातो. सहावी-सातवीपर्यंत थांबा.

अ‍ॅलिसचं पुस्तक म्हणजे लुईस कॅरलचं थ्रू द लुकिंग-ग्लास (१८७१), ते अख्खं वाचायची घाई नको, फक्त त्यातली जॅबरवॉकी ही कविता मोठ्याने वाचा. शब्द निरर्थक, तरी कुणीतरी कशाला तरी मारलं एवढं अ‍ॅलिसला कळतंच. मग तोच खेळ मराठीत करा. 'गबुळ्याने टिपराला भुसकावलं' म्हणा आणि विचारा, कुणी कुणाला? पहिलीतलं पोरही बरोबर सांगतं, कारण 'ने' आणि 'ला' त्याला आधीपासून येतात, आणि आपल्याला हे येतं हे लक्षात आल्यावर ते स्वतःच असली वाक्यं बनवायला लागतं.

म्हणजे एकच विकत घेणार असाल तर फ्रिंडल, आणि जॅबरवॉकी नेटवर फुकट मिळते ती आजच वाचा.