ब्रिटनमधले ग्रीक-स्टाईल दही: खाण्यासाठी कोणते, श्रीखंडासाठी कोणते

ब्रिटनच्या कोणत्याही मोठ्या सुपरमार्केटमध्ये ‘ग्रीक’ आणि ‘ग्रीक-स्टाईल’ अशी नावे लिहिलेले दह्याचे डबे एकाच फळीवर शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि त्यांच्या किमतीत किलोमागे दुपटीहून अधिक फरक सहज आढळतो. इथल्या मराठी घरांत हे दही रोजच्या नाश्त्याला लागते, कोशिंबिरीला लागते आणि पाडव्याला व दसऱ्याला श्रीखंडासाठी तर हमखास लागते. तरीही बहुतेक खरेदी झाकणावरचा निळापांढरा रंग आणि सवलतीची पट्टी पाहूनच होते. म्हणून इथे मिळणाऱ्या प्रमुख प्रकारांचा, चव आणि किंमत या दोन्ही अंगांनी, नीट विचार करणे मला आवश्यक वाटते.

आधी नावांमागची वस्तुस्थिती. अमेरिकेतील चोबानी कंपनीने आपले तिथेच तयार केलेले दही ब्रिटनमध्ये ‘ग्रीक योगर्ट’ या नावाने विकायला आणले, तेव्हा ग्रीसच्या फाये कंपनीने न्यायालयात धाव घेतली. हे नाव वाचून इथल्या ग्राहकाला ते दही ग्रीसमध्ये तयार झालेले आणि गाळून घट्ट केलेले आहे असे वाटते, हा मुद्दा मान्य झाला आणि जानेवारी 2014 मध्ये अपील न्यायालयानेही फायेच्याच बाजूने निकाल दिला. त्यामुळे ‘ग्रीक’ हे नाव तशा दह्यापुरतेच राहिले आणि इथे ‘ग्रीक-स्टाईल’ असे लिहिलेल्या डब्यातले दही गाळलेले असेलच, याची खात्री धरता येत नाही. बरेचदा ते दुधात साय किंवा दूध-प्रथिने मिसळून घट्ट केलेले असते आणि काही स्वस्त डब्यांत स्टार्चही असतो.

दही खरोखर गाळलेले आहे की नाही हे ओळखायला डब्याच्या मागचा पोषणतक्ता पुरतो. दही गाळले की पाण्याबरोबर दुधातली बरीचशी साखर निघून जाते आणि प्रथिने मागे राहतात. फायेच्या ‘टोटल’ नावाच्या 5 टक्के स्निग्धांशाच्या दह्यात 100 ग्रॅमला सुमारे 9 ग्रॅम प्रथिने आणि 3 ग्रॅम साखर असते. शून्य टक्के स्निग्धांशाच्या डब्यात प्रथिने 10 ग्रॅमच्या थोडी वर जातात. याउलट सुपरमार्केटांच्या स्वतःच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक ग्रीक-स्टाईल डब्यांत प्रथिने याच्या साधारण निम्मी असतात, साखर त्याहून जास्त असते आणि स्निग्धांश मात्र 8 ते 10 टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असतो. म्हणजे तिथला घट्टपणा प्रामुख्याने सायीचा असतो. वजन किंवा रक्तातील साखर सांभाळण्यासाठी जे ग्रीक दही खातात, त्यांनी हा फरक अवश्य पाहावा.

नुसते खाण्यासाठी फायेचे 5 टक्के दही मला आजही सर्वांत सरस वाटते. त्याची चव सौम्य आणि स्वच्छ आहे, चमचा उभा राहील इतके ते घट्ट असते आणि डबा उघडल्यावर वर जेमतेम पाणी दिसते. किंमत मात्र रोजच्या वापराला जड आहे आणि चार माणसांच्या घरात मोठा डबाही दोन दिवस पुरत नाही. इथे आल्डी आणि लिडल या दुकानांचे, त्यांच्या स्वतःच्या नावाने येणारे गाळलेले ग्रीक दही फार उपयोगी पडते. ते किंचित अधिक आंबट असते, त्याचा पोत फायेइतका रेशमी नसतो. परंतु प्रथिनांचे प्रमाण जवळपास त्याच पातळीचे असून किंमत बरीच कमी आहे. रोजच्या नाश्त्यासाठी माझी शिफारस त्याचीच राहील. फक्त ‘गाळलेले’ हा उल्लेख आणि पोषणतक्ता पाहूनच डबा उचलावा, कारण तिथेच शेजारी ग्रीक-स्टाईलचा तसाच दिसणारा डबाही असतो.

श्रीखंडाची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे महाग डबा घेण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. एक किलोचा 10 टक्के स्निग्धांशाचा स्वस्त ग्रीक-स्टाईल डबा घ्यावा, तो पंच्यात किंवा धुतलेल्या मलमलच्या फडक्यात बांधावा, चाळणीत ठेवून खाली पातेले द्यावे आणि वर वजन ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्यावा. सकाळी साधारण साडेसहाशे ग्रॅम चक्का हाती लागतो. तो फडक्यापासून सहज सुटून येतो आणि बोटाने दाबला तर खळगा तसाच राहतो. पाणी निघून गेल्यामुळे येणारी घट धरूनही हा चक्का फायेच्या दह्यापेक्षा स्वस्त पडतो आणि सायीमुळे श्रीखंडाला जो तुकतुकीतपणा येतो, तो कमी स्निग्धांशाच्या दह्यात कधीच येत नाही. शून्य टक्क्यांचे दही तर श्रीखंडासाठी मुळीच घेऊ नये. ते कितीही घोटले तरी जिभेवर खडूसारखे लागते.

डबा घेताना घटकांच्या यादीत स्टार्च किंवा पेक्टिन (फळांपासून काढलेला, घट्टपणा आणणारा पदार्थ) नाही, एवढे मात्र बघावेच. हे पदार्थ घातलेल्या दह्याचे पाणी नीट सुटत नाही आणि साखर घातल्यावर सगळे पळीवाढे होऊन बसते. एका दुकानाच्या अतिस्वस्त डब्याने ऐन दसऱ्याला आमच्या घरी हेच केले होते आणि पाहुण्यांच्या पानात श्रीखंडाचा ओघळ भाजीपर्यंत गेला होता. चांगल्या चक्क्यालाही साखरेने पाणी सुटतेच, म्हणून साखर चक्क्याच्या वजनाच्या पाऊणपट घ्यावी आणि मिश्रण तास-दोन तास मुरू देऊन मगच पुरणयंत्रातून किंवा बारीक स्टीलच्या चाळणीतून काढावे. इथल्या दह्याला आपल्याकडच्या चक्क्याचा आंबूसपणा नसतो. तो हवा असेल तर फ्रिजमध्ये ठेवण्याआधी बांधलेले दही दोन-तीन तास स्वयंपाकघरातच टांगावे.

ज्यांना थोडी खटपट चालते, त्यांच्यासाठी सर्वांत परवडणारा मार्ग घरचाच आहे. निळ्या झाकणाचे, म्हणजे न काढलेल्या सायीचे, चार पाइंट दूध म्हणजे सव्वादोन लिटरहून थोडे अधिक. ते उकळून कोमट करावे, त्यात जिवंत विरजण असलेल्या कोणत्याही साध्या दह्याचे दोन चमचे घालावेत आणि थंडीच्या दिवसांत फक्त दिवा लावलेल्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवावे. हे दही गाळले की पाऊण ते एक किलोपर्यंत घट्ट दही मिळते. ते सुपरमार्केटच्या स्वस्त ग्रीक-स्टाईल डब्याच्या आसपासच्या किमतीत पडते, पण गुणांनी खऱ्या गाळलेल्या दह्याच्या जवळ जाते. हिरव्या झाकणाचे अर्धे साय काढलेले दूध मात्र यासाठी घेऊ नये, त्याचे दही पातळ लागते आणि गाळल्यावर हाती फारसे काही राहत नाही. फडक्याखाली जमलेले पाणी कणीक भिजवायला किंवा कढीला वापरावे. त्या पाण्यात भिजवलेल्या पोळ्या दुसऱ्या दिवशी डब्यातही मऊ राहतात.