‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’: सात महिने रात्री मोठ्याने वाचल्यानंतर

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या आठवड्यात हे पुस्तक घरात आलं आणि जानेवारीत वाचून संपलं. लेक नऊ वर्षांची, मराठी शाळेत जाते. एवढं इंग्रजी तिला एकटीला झेपणारं नव्हतं, म्हणून रात्री जेवणं आटोपली की मी एक-एक परिच्छेद डोळ्यांखालून घालायचा आणि तिला मराठीत सांगायचा, असं ठरलं. ३८ प्रकरणं. कधी आठवड्यात तीन झाली, सहामाहीच्या दिवसांत एकही नाही.

आधी खरेदीचं सांगते, कारण तिथे मी फसले. ऑनलाइन मागवलेली पहिली प्रत जेमतेम शंभर पानांची निघाली. मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ असं कुठेही छापलेलं नव्हतं. घटना सगळ्या जागच्या जागी होत्या, पण ॲनची बडबड कापून टाकलेली. ती बडबड गेली की उरतं काय? ती प्रत परत करून दुसरी मागवली. तिचं अक्षर बारीक आहे, कागद पिवळट आहे आणि विसाव्या प्रकरणाशी पानं सुटायला लागली, ती चिकटपट्टीने जोडून वाचली. तरी घ्याल तर पूर्णच घ्या. प्रकरणं ३८ आहेत ना, एवढं आधी बघा.

गोष्ट कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंड या बेटावरची. एव्हनली गावात मॅथ्यू कथबर्ट आणि त्याची बहीण मरिला राहतात. दोघांचीही लग्नं झालेली नाहीत. मॅथ्यू साठीचा, छातीचं दुखणं मागे लागलेलं, म्हणून शेतीच्या कामाला हाताशी यावा असा मुलगा ते अनाथाश्रमातून मागवतात. निरोपात घोळ होतो आणि स्टेशनावर उतरते ११ वर्षांची, लाल केसांची, हडकुळी ॲन शर्ली.

मी हे पुस्तक कॉलेजात असताना एकदा वाचलं होतं. मनातल्या मनात, भराभर. तेव्हा ॲनची दीड-दीड पानांची भाषणं मी सरळ ओलांडून पुढे जात असे. मोठ्याने वाचताना ती ओलांडता येत नाहीत, आणि मग लक्षात येतं की त्या बोलण्यात दम खायला जागाच नाही. ही मुलगी इतकं का बोलते, ते पाचव्या आणि आठव्या प्रकरणांत हळूहळू कळतं. तीन महिन्यांची असताना आईवडील तापाने गेले. मग एका घरात पोरं सांभाळ, मग दुसऱ्या घरात. तिथे तर तीनदा जुळी झालेली! त्या बायका तुझ्याशी चांगल्या वागायच्या का, असं मरिला विचारते तेव्हा ॲन अडखळते, आणि त्यांच्या मनात चांगलं वागायचं होतं, एवढंच म्हणते. पहिल्या घरात पुस्तकांच्या कपाटाच्या काचेत दिसणारं स्वतःचं प्रतिबिंब ही तिची मैत्रीण होती, तिचं नाव केटी मॉरिस. दुसऱ्या घरी दरीतून येणारा प्रतिध्वनी, तो व्हायोलेटा. लेकीला हे फार गमतीचं वाटलं. मला वाचताना आवाज सांभाळावा लागला. अकरा वर्षांत त्या मुलीचं बोलणं ऐकायला एक काच होती आणि एक दरी.

म्हणून स्टेशनवरून घरी येतानाचा तो घोडागाडीचा प्रवास मला सगळ्या पुस्तकात मोलाचा वाटतो. मॅथ्यूला बायकामाणसांची भीती वाटते. चूक झाली आहे हे तिला तोंडावर सांगायचा त्याला धीर होत नाही, म्हणून तो तिला गाडीत बसवतो. ती बोलत सुटते आणि मध्येच विचारते, मी फार बोलते का? तो सांगतो, तुला हवं तेवढं बोल, मला काही त्रास नाही. बस, एवढंच! पुढे घरी मरिला म्हणते, या मुलीचा आपल्याला काय उपयोग? आणि हा अबोल माणूस उत्तर देतो, आपला तिला काही उपयोग होईल. हे वाक्य मी लेकीला दोनदा वाचून दाखवलं.

याच प्रवासात ॲन विचारते, इथले रस्ते लाल का? त्या बेटाच्या मातीत लोह आहे, त्याचा हा रंग. लेक लगेच म्हणाली, “मामाच्या गावासारखे!” देवगडची तांबडी माती तिला डोळ्यांसमोर दिसली आणि त्या दिवसापासून कॅनडा तिला लांबचा राहिला नाही.

तोंडी मराठी करताना काही ठिकाणी अडले. ‘किंड्रेड स्पिरिट’ला बरेच दिवस शब्द सापडेना, शेवटी लेकीनेच ‘आपल्यातलं माणूस’ असं ठरवलं आणि आता ती शेजाऱ्यांची तशी वर्गवारी करते. पण ‘पफ्ड स्लीव्ज’ आल्या तेव्हा शब्द तयारच होता: फुग्याच्या बाह्या. माझ्या आईच्या तोंडचा. जपानीत या पुस्तकाचा अनुवाद १९५२मध्ये हानाको मुराओका यांनी केला आणि तिकडची माणसं आजही त्या बेटावरच्या कॅव्हेंडिश गावातलं, गोष्टीतल्या घराला आधार ठरलेलं ते हिरव्या आढ्याचं घर बघायला जातात. पूर्ण, रसाळ मराठी अनुवाद हाताशी असता तर मला किती बरं वाटलं असतं.

लेखिका लूसी मॉड माँटगोमेरी त्याच बेटावरच्या. २१ महिन्यांच्या असताना आई क्षयाने गेली, आजीआजोबांनी वाढवलं. हस्तलिखित प्रकाशकांकडून परत येत राहिलं, म्हणून टोपीच्या खोक्यात पडून होतं. शेवटी १९०८मध्ये बोस्टनहून पुस्तक निघालं.

खटकलेल्या गोष्टीही सांगायला हव्यात. मरिला आणि तिची शेजारीण रेचल लिंड परक्या माणसांबद्दल, मजुरीला येणाऱ्या फ्रेंच पोरांबद्दल जे बोलतात ते मी गाळलं नाही, पण थांबून त्यावर बोलावं लागलं. “कामासाठी मुलगा मागवायचा म्हणजे काय? बैल आहे का तो?” असं लेकीने विचारलं. मग मी तिला सांगितलं की हे कल्पनेतलं नाही. त्या काळात ब्रिटनमधून एक लाखाहून जास्त मुलं कॅनडात पाठवली गेली आणि त्यांतली कितीतरी शेतांवर राबली. त्या रात्री पुढचं वाचन झालं नाही.

तिसाव्या प्रकरणानंतर पुस्तक घाईने धावतं. वर्षं भराभर जातात आणि ॲन गप्प होत जाते. “ती आता कमी का बोलते?” असं लेकीने विचारलं, आणि पुढच्याच पानांत मरिलानेही ॲनला तेच विचारलं. लेक उठून बसली.

३७वं प्रकरण मी चार दिवस टाळलं. मॅथ्यू दारात उभा असतो, हातात वर्तमानपत्र, चेहरा राखेसारखा. पैसे ठेवले होते ती बँक बुडाल्याची बातमी त्यात असते. ॲन हातात पांढऱ्या नर्गिसाची फुलं घेऊन येत असते आणि तो कोसळतो. आदल्याच संध्याकाळी त्याने तिला सांगितलेलं असतं की डझनभर मुलग्यांपेक्षा मला तूच हवीस. मी वाचून थांबले. लेक रडली नाही, नुसती छताकडे बघत पडून राहिली. मग तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, चिकटपट्टीची पानं जपून उलटली आणि २५वं प्रकरण काढून दिलं. मॅथ्यू ॲनसाठी फुग्याच्या बाह्यांचा झगा आणायला दुकानात जातो, समोर विक्रीला बाई बघून बिचकतो आणि बागेचं दाताळं आणि वीस पौंड ब्राऊन शुगर घेऊन घरी येतो, ते प्रकरण.

“आधी हे परत वाच,” म्हणाली.