टुंड्राच्या मातीतले वायू नागपुरात मोजायचे, तर कोणत्या पद्धतीने?

पर्माफ्रॉस्ट म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली राहणारी जमीन. अशा प्रदेशाच्या मातीत अंदाजे १,४०० ते १,६०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन साठलेला आहे. वातावरणात आज जेवढा कार्बन आहे, त्याच्या हा जवळपास दुप्पट. गोठण सुटली की मातीतले सूक्ष्मजीव या साठ्यावर तुटून पडतात. माती हवेशीर असेल तर कार्बन डायऑक्साइड निघतो. पाणी साचून प्राणवायू संपला की मिथेनजनक आर्किया, म्हणजे मिथेन तयार करणारे जीवाणूंसारखे सूक्ष्मजीव, कामाला लागतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा २७ ते ३० पट तापवतो. म्हणून एम.एस्सी. किंवा पीएच.डी.साठी हा विषय घेणाऱ्याने उपकरणाच्या आधी एक गोष्ट ठरवावी: आपला प्रश्न कोणत्या वायूचा आहे? पद्धत त्यावरूनच ठरते.

सोडियम हायड्रॉक्साइडचा सापळा

सगळ्यात स्वस्त पद्धत हीच, मृदाशास्त्राच्या साध्या प्रयोगशाळेतही जमते. १ लिटरच्या हवाबंद बरणीत ५० ग्रॅम माती ठेवायची आणि शेजारी छोट्या पात्रात सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण. मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड ते शोषून घेतं. ठरलेल्या दिवशी त्यात बेरियम क्लोराइड घालून कार्बोनेटचा साका बसवायचा आणि फिनॉल्फ्थॅलिन हा रंगदर्शक वापरून हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेशन करायचं. माती नसलेल्या बरणीचं वाचन उणे माती असलेल्या बरणीचं वाचन, हा मिलिलिटरमधला फरक गुणिले आम्लाची नॉर्मलता (तीव्रतेचं माप) गुणिले २२, म्हणजे मिलिग्रॅममध्ये कार्बन डायऑक्साइड.

अडचण थंडीत येते. ४ अंश सेल्सिअसला माती फार हळू श्वास घेते. आम्ल ०.५ नॉर्मल असेल तर ०.०५ मिलिलिटरचा एक थेंब चुकला की ०.५५ मिलिग्रॅमची चूक होते, आणि कधी कधी अख्खं वाचनच तेवढं असतं. ०.१ नॉर्मल वापरलं तर हीच चूक ०.११ मिलिग्रॅमवर येते. पण मग २० मिलिलिटर सापळा जास्तीत जास्त ४४ मिलिग्रॅम वायू धरतो. निम्मा खर्च होण्याआधीच तो बदलायला हवा. बिनमातीच्या किमान तीन बरण्या ठेवाव्यात.

मिथेन मात्र या पद्धतीत दिसतच नाही. तुमचा प्रश्न पाणथळ टुंड्राचा असेल, तर ही पद्धत सोडून द्या.

सीरम बाटली आणि गॅस क्रोमॅटोग्राफ

बंद बाटलीत साठलेली हवा गॅस क्रोमॅटोग्राफ या वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात तपासायची. नागपुरात काम करणाऱ्या बहुतेकांना आम्ही हीच पद्धत सुचवू. १२० मिलिलिटरची बाटली, १० ते १५ ग्रॅम माती, ब्युटाइल रबराचं बूच आणि वरून दाबून बसवलेलं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण. विनाप्राणवायू प्रयोगासाठी बाटलीतून १० ते १५ मिनिटं नायट्रोजन सोडायचा. मिथेन यंत्राच्या एफआयडी (ज्योत-आयनीकरण) शोधकावर दिसतो, नायट्रस ऑक्साइड ईसीडी (इलेक्ट्रॉन-ग्रहण) शोधकावर. कार्बन डायऑक्साइडचं मिथेनमध्ये रूपांतर करणारा मिथेनायझर असेल तर कार्बन डायऑक्साइडही एफआयडीवरच मिळतो. दर वेळी ५ मिलिलिटर नमुना काढला की तेवढाच नायट्रोजन आत भरा. बाटलीत १०० मिलिलिटर मोकळी जागा असेल तर प्रत्येक वेळी ५ टक्के वायू बाहेर जातो. ही दुरुस्ती विसरली की आलेख हळूहळू खाली झुकतो आणि सूक्ष्मजीव मंदावले असं वाटतं.

तापमान राखणं हा खरा कस. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीज वापरू नका. बर्फ साचू नये म्हणून तो ठरावीक वेळाने आतली हवा तापवतो आणि उणे ५ अंशांची माती काठावर वितळते. नंतर दिसणारा वायूचा उसळा त्या वितळण्याचा असतो. साधा चेस्ट फ्रीजर आणि वेगळा तापमान नियंत्रक, किंवा ग्लायकॉल भरलेलं शीतपात्र घ्या. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना वीज गेली तर तासाभरात काय होतं, ते बाटलीशेजारी ठेवलेला तापमान-नोंदक सांगेल. तो ठेवाच.

२ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळलेली माती पहिल्या आठवड्यात उगीच जास्त वायू सोडते, कारण मातीचे कण फुटून आतलं अन्न उघडं पडतं. ते दिवस हिशेबात धरू नयेत.

सगळ्यात महाग पडणारी चूक वेळेची असते. सायबेरियातल्या लेना नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या मातीवर विनाप्राणवायू प्रयोग सात वर्षं चालवला, तेव्हा कुठे मिथेनजनकांची संख्या वाढून मिथेनचं प्रमाण कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीला आलं. तीन महिन्यांच्या प्रकल्पात मिथेन शून्य आला म्हणून ‘ही माती मिथेन देत नाही’ असं लिहिणं धोक्याचं आहे. वेळ कमी असेल तर पर्माफ्रॉस्टची खोल माती टाळा आणि दर उन्हाळ्यात वितळणाऱ्या वरच्या थरावर काम करा. तिथे हे जीव आधीपासून असतात.

सरावासाठी कोणती माती घ्यावी? नागपूरची काळी माती नको. तिच्यातल्या चुनखडीमुळे कार्बन डायऑक्साइडचा हिशेब बिघडतो. भंडारा-गोंदियातल्या धानाच्या बांधीतला चिखल घ्या. तिथेही मिथेनजनकच काम करत असतात, फक्त उबेत.

जागेवर चेंबर: सिरिंज की लेसर?

मोहिमेवर जाणार असाल तरच हा प्रश्न. चेंबर म्हणजे मातीवर उपडा बसवलेला हवाबंद डबा. तो ज्यावर बसतो ते कडं ५ ते १० सेंटिमीटर मातीत रोवून किमान एक दिवस तसंच ठेवायचं. सिरिंजने ०, १०, २० आणि ३० मिनिटांना नमुने घ्यायचे आणि १२ मिलिलिटरच्या निर्वात कुपीत २० मिलिलिटर भरायचे. आत दाब जास्त राहिला की गळती झाली तर वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही.

उदाहरण घ्या: चेंबर २५ सेंटिमीटर उंच, अर्ध्या तासात मिथेन २.० वरून २.६ पीपीएम (दशलक्षात भाग) झाला, तापमान २५ अंश. दर चौरस मीटरला ताशी सुमारे ०.२ मिलिग्रॅम आला. हे गणित २५ अंशांच्या मोल-घनफळावर, म्हणजे एक मोल वायू व्यापतो त्या जागेवर, आहे. ५ अंशांच्या टुंड्रात आणि ४५ अंशांच्या नागपुरात त्या घनफळात सुमारे १४ टक्क्यांचा फरक पडतो, म्हणून तापमान प्रत्येक वेळी लिहून ठेवायचं.

लेसर विश्लेषक दर सेकंदाला वाचन देतो आणि चेंबर ३ ते ५ मिनिटांत उघडता येतो. कड्याजवळ पाय पडून बुडबुडे सुटले तर उडी लगेच दिसते. सिरिंजच्या चार बिंदूंत तीच उडी सरळ रेषेत मिसळून जाते. चालायला फळ्या टाकणं दोन्ही पद्धतींत आवश्यक. लेसर महाग आहे आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते. तरीही एकाच मोहिमेत वीसपेक्षा जास्त जागा मोजायच्या असतील तर आम्ही लेसरच निवडू.

दोन्ही पद्धतींना एक मर्यादा सारखीच. अलास्काच्या टुंड्रात वर्षभराच्या मिथेनपैकी निम्मा किंवा त्याहून अधिक थंडीच्या महिन्यांत निघतो, कारण माती शून्य अंशाच्या आसपास कित्येक आठवडे रेंगाळते. फक्त जुलै-ऑगस्टच्या आकड्यांवरून वर्षाचा हिशेब मांडू नये.

डीएनए काढायचा असेल तर मातीचा एक भाग बाटल्या भरण्याआधीच उणे ८० अंशांत ठेवा. मिथेन बनवण्याशी जोडलेलं एमसीआरए जनुक मोजल्यावर मिथेनजनक आहेत एवढंच कळतं. ते जिवंत आहेत का, हे गोठलेल्या मातीत विशेषच संशयाचं, कारण तिथे मेलेल्या पेशींचा डीएनए फार काळ टिकतो. त्यासाठी आरएनए लागेल.

माती परदेशातून आणणार असाल, उदाहरणार्थ नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलेसुंड इथे २००८ पासून असलेल्या भारताच्या हिमाद्री केंद्रावरून, तर वनस्पती संगरोध नियमांखालची परवानगी आधी मिळवा आणि वाटेतली सगळी शीतसाखळी ठरवा. लडाखच्या उंचावरच्या गोठलेल्या मातीला संगरोधाची परवानगी लागत नाही, मात्र नागपूरपर्यंत ती गोठलेलीच आणण्याची सोय तिथेही करावी लागते.